सांध्यांच्या दवाखान्यात त्वचेची चौकशी

सोरायसिस हा त्वचेचा आजार, पण तो असलेल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे सांधेही धरतात. एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं, टाच टेकवत नाही, सकाळी उठल्यावर कंबर बराच वेळ वळत नाही. याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांना चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी दुखू लागतात. काहींचं दोन्ही एकदम सुरू होतं, थोड्यांचं उलट. सांधे दुखू लागले की माणूस संधिवाततज्ज्ञाकडे जातो आणि पुढे बऱ्याचदा त्याच्या दोन्ही दुखण्यांचा कारभार त्याच एका खोलीतून चालतो. औषधंही बरीचशी सामाईक आहेत. मेथोट्रेक्सेट दोन्हींसाठी देतात, महागडी जैविक इंजेक्शनंही दोन्हींवर काम करतात. मग त्या खोलीत त्वचा किती बिघडली आहे हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती लिहिलेलं आहे.

हा प्रश्न वहीत आकडा भरण्यापुरता नाही. औषध कुठलं द्यायचं हे त्यावर ठरतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पिरिट एचटूएच’ या चाचणीत सोरायटिक आर्थ्रायटिसच्या ५६६ रुग्णांवर इक्सेकिझुमॅब आणि अ‍ॅडालिमुमॅब ही दोन इंजेक्शनं समोरासमोर तपासली गेली. २४ आठवड्यांनी सांध्यांच्या निकषांवर निम्मी किंवा त्याहून जास्त सुधारणा दिसलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के होतं. म्हणजे फारसा फरक नाही. त्वचा पूर्ण स्वच्छ झालेल्यांचं प्रमाण मात्र ६० आणि ४७ टक्के निघालं. नुसते सांधे पाहिले तर डॉक्टरने दोन्हींपैकी कुठलंही इंजेक्शन लिहावं. त्वचा हिशेबात धरली की पारडं एका बाजूला झुकतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१९ सालच्या शिफारशींत म्हणूनच सांगितलं की त्वचेचा त्रास लक्षणीय असेल तर आयएल-१७ किंवा आयएल-१२/२३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांच्या मार्गावर काम करणाऱ्या औषधांना पसंती द्यावी. ‘लक्षणीय’ म्हणजे काय, हेही तिथे दिलं आहे: शरीराच्या दहा टक्क्यांहून जास्त भागावर चट्टे, किंवा रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा, त्याचं जगणं अवघड करणारा त्रास. या व्याख्येचा पहिला भाग डॉक्टर डोळ्यांनी मोजू शकतो. दुसरा भाग रुग्णाला विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे मोजमापाचं जुनं साधन आहे, ‘पासी’. १९७८ साली स्वीडनच्या फ्रेडरिक्सन आणि पेटरसन यांनी तोंडावाटे घ्यायच्या एका रेटिनॉइड औषधाचा परिणाम तपासताना ते तयार केलं. शरीराचे चार भाग करायचे: डोकं, हात, धड आणि पाय. प्रत्येक भागातल्या चट्ट्यांची लाली, जाडी आणि खवले यांना ० ते ४ गुण द्यायचे, किती क्षेत्र व्यापलं आहे त्याला ० ते ६ गुण द्यायचे. मग डोक्याला दहा, हातांना वीस, धडाला तीस आणि पायांना चाळीस टक्के वजन देऊन बेरीज करायची. एकूण ७२ पैकी गुण मिळतात. गेल्या दोन दशकांत सोरायसिसची जी औषधं आली त्यांची एकमेकांशी तुलना करता आली ती या मोजपट्टीमुळे. चाचणीच्या शिस्तीत, प्रशिक्षित डोळ्यांनी, पूर्ण उघड्या शरीरावर वापरली तर ती चोख काम करते.

संधिवाताच्या ओपीडीत यातलं काहीच नसतं. रुग्ण कपड्यांनिशी खुर्चीवर बसतो. डॉक्टर हातांचे सांधे दाबून पाहतो, गुडघे पाहतो, घोटे पाहतो, फार तर पाठ वाकवायला सांगतो. केसांखाली, कानामागे, बेंबीत, नितंबांच्या फटीत, जांघेत काय आहे हे पाहायला ना वेळ असतो ना आडोसा, आणि बाहेर रांग थांबलेली असते. दुर्दैव असं की नेमक्या याच जागा संधिवाततज्ज्ञाच्या कामाच्या आहेत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यातल्या रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या टाळूवर, नखांत किंवा नितंबांच्या फटीत सोरायसिस आहे त्यांना पुढे सांध्यांचा आजार होण्याचा धोका जास्त असतो, असं त्यात दिसलं. कोपर आणि गुडघा बाही वर करताच दिसतात. ज्या जागांवरून सांध्यांचा अंदाज बांधता येतो त्या झाकलेल्या राहतात.

संधिवातशास्त्राची रोजची साधनंही याबाबत फारशी मदत करत नाहीत. वर्गीकरणासाठी २००६ साली आलेले ‘कॅस्पर’ निकष त्वचेला मोठा मान देतात. तपासताना सोरायसिस अंगावर असेल तर त्याचे दोन गुण, आणि वर्गीकरणाला एकूण तीन पुरतात. निदान झालं की मात्र त्वचा मागे पडते. आजार किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या ‘डीएएस-२८’ मध्ये ती नाही. या आजारासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘डाप्सा’तही नाही, तिथे दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, रुग्णाचं एकंदर मत आणि रक्तातलं सीआरपी एवढीच बेरीज होते. निदानाच्या दिवशी जो पुरावा सर्वांत वजनदार ठरला, त्याची पुढच्या भेटीपासून कुणी दखल घेत नाही.

भारतीय त्वचेचा मुद्दा वेगळा आणि मोठा आहे. पासीमध्ये तीव्रतेच्या तीन खुणांपैकी एक आहे लाली. गोऱ्या त्वचेवर सोरायसिस गुलाबी-लाल दिसतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, आणि सराव नसलेल्या डोळ्याला त्यात दाह जाणवतच नाही. लालीचे गुण कमी पडतात आणि बेरीज खाली येते. याची दुसरी बाजूही आहे. चट्टा बरा झाल्यावर आपल्याकडे तिथे काळसर डाग उरतो. तो महिनोन्‌महिने राहतो आणि आजार अजून जागाच आहे असा भास होतो. म्हणजे एकाच मोजपट्टीवर चालू आजार कमी भरतो आणि बरा झालेला जास्त. खवल्यांचंही तसंच. दवाखान्यात यायचं म्हणून माणूस सकाळी नीट आंघोळ करतो, खोबरेल तेल चोळतो, आणि खवले धुऊन जातात. डॉक्टरांपुढे बसलेली त्वचा ही आठवड्यातली सर्वांत नीटनेटकी त्वचा असते. मागचे सात दिवस कसे गेले हे फक्त तिच्या मालकाला माहीत असतं.

क्षेत्रफळाच्या मापाचा तोटा तळहातांवर सर्वांत स्पष्ट दिसतो. बोटांसह एक तळवा म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का, हा सर्वमान्य अंदाज. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये ‘किमान आजार’ कधी म्हणायचा याचे सात निकष २०१० साली कोट्स, फ्रान्सेन आणि हेलिवेल यांनी मांडले. सातांपैकी पाच पूर्ण झाले की उद्दिष्ट गाठलं असं धरतात. त्वचेचा निकष असा: पासी १ किंवा त्याहून कमी, नाहीतर व्यापलेलं क्षेत्र ३ टक्के किंवा त्याहून कमी. आता दोन्ही तळहात भेगाळलेले आहेत अशा बाईचा विचार करा. रोज भाकरी थापायची, भांडी घासायची, मिरचीला हात लावायचा. तिचं क्षेत्रफळ भरतं दोन टक्के. त्वचेचा निकष ती आरामात पार करते, आणि केसपेपरवर त्वचेचा आजार किमान म्हणून नोंदला जातो. मूठ मिटताना फाटणारी कातडी कुठल्याच रकान्यात बसत नाही. सात निकषांपैकी वेदना, एकंदर मत आणि दैनंदिन हालचाल हे तीन रुग्णाच्याच सांगण्यावर बेतलेले आहेत हे खरं. पण कागद सांध्यांच्या डॉक्टरचा असतो, म्हणून रुग्ण ते भरताना सांधेच डोळ्यांपुढे धरतो.

खाजेची कथा तर अन्यायाचीच म्हणावी लागेल. पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं गेलं की खाज हे एक्झिमाचं लक्षण आहे, सोरायसिसचं नाही. पासीमध्ये खाजेला एकही गुण नाही. २०१२ साली उत्तर अमेरिका आणि युरोपात सोरायसिस किंवा सोरायटिक आर्थ्रायटिस असलेल्या ३,४२६ जणांचं एक मोठं सर्वेक्षण झालं. आजाराची तीव्रता सर्वांत जास्त कशाने वाढते असं विचारल्यावर सोरायसिसच्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांनी खाजेचं नाव घेतलं. खवले आणि गळणारा कोंडा तिच्या बरेच मागे होते. ज्याला आजार आहे तो ज्या गोष्टीला तीव्रता म्हणतो आणि शास्त्र ज्या गोष्टीला म्हणतं, त्या दोन्हींत एवढं अंतर होतं.

ही दरी बुजवण्यासाठी रुग्णाने स्वतः भरायच्या लक्षण-प्रश्नावल्या तयार झाल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली अशा साधनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांचा गाभा असा की प्रश्न रुग्णांच्या मुलाखतींतून यायला हवेत आणि त्यांना ते त्याच अर्थाने कळतात हे पुन्हा त्यांच्याकडूनच पडताळून घ्यायला हवं. त्या वाटेने आलेल्या साधनांपैकी ‘सोरायसिस सिम्प्टम इन्व्हेंटरी’ हे मला संधिवाताच्या ओपीडीसाठी सर्वांत सोयीचं वाटतं. त्यात फक्त आठ गोष्टी विचारतात: खाज, लाली, खवले, आग, चुणचुण, भेगा, कोंडा गळणं आणि वेदना. प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ३२. मागच्या २४ तासांचं विचारणारी एक आवृत्ती आहे आणि मागच्या सात दिवसांचं विचारणारी दुसरी. औषधांच्या चाचण्यांत ‘बरं वाटलं’ याची व्याख्या करताना एकूण ८ किंवा त्याहून कमी आणि कुठल्याही एका लक्षणाला १ पेक्षा जास्त नाही, अशी अट घातली गेली. ही दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. सात लक्षणं शून्यावर आणि एकट्या खाजेला चार, असा माणूस बेरजेने सुटला असता. अटीमुळे तो सुटत नाही.

आणखीही साधनं आहेत. अकरा बाबी ० ते १० वर मोजणारी लक्षण-दैनंदिनी आहे. ती बारकाईची आहे, पण रोज भरणं गर्दीच्या दवाखान्यातल्या रुग्णाला जड जातं. रुग्णाने शरीराच्या आकृतीवर आपले चट्टे रंगवायचे, अशी स्वतः भरायची पासी १९९४ पासून उपलब्ध आहे. ती कुठे आणि किती हे दाखवते, त्रास दाखवत नाही. पुस्तकात या सर्वांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत.

‘डीएलक्यूआय’बद्दल मात्र इथेच सांगतो, कारण ती सर्वत्र वापरली जाते आणि तिचे तोटे सहज नजरेआड होतात. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ साली ही दहा प्रश्नांची यादी दिली. एकूण गुण ३०. त्वचेमुळे मागच्या आठवड्यात जगण्यावर काय परिणाम झाला, हे ती विचारते. कपडे, घरकाम, खेळ, नोकरी, जवळच्या माणसांशी संबंध, लैंगिक अडचणी असे विषय त्यात आहेत. यातल्या आठ प्रश्नांना ‘मला लागू नाही’ असं उत्तर देता येतं, आणि त्याचे गुण धरले जातात शून्य. खेळ न खेळणारी, एकटी राहणारी, घराबाहेर फार न पडणारी वयस्क बाई तीन-चार प्रश्नांना ‘लागू नाही’ म्हणते आणि आपोआप सौम्य ठरते. तिचं जगणं आधीच आक्रसलेलं आहे, आणि कदाचित आजारानेच आक्रसलं आहे, हे आकड्यात उमटत नाही. २०१८ साली हंगेरीतल्या संशोधकांनी ‘लागू नाही’ची भरपाई करणारी गुणपद्धत सुचवली; पुस्तकाच्या लेखकांनी तीही दिली आहे याचा मला आनंद आहे. शिवाय डीएलक्यूआय लक्षण आणि जगणं एकत्र मोजते. औषध बदलायचं का, हे ठरवताना मला आधी खाज किती, आग किती, भेगा किती हे वेगळं हवं असतं.

सांध्यांच्या बाजूने जी साधनं आली त्यांत २०१४ साली युलारच्या पुढाकाराने तयार झालेलं ‘पीएसएआयडी’ महत्त्वाचं आहे. त्याच्या मोठ्या आवृत्तीत बारा बाबी आहेत आणि कशाला किती वजन द्यायचं हे अनेक देशांतल्या रुग्णांनी ठरवलं. वेदनेला तीन. थकवा, त्वचा, कामधंदा, हालचाल, अस्वस्थता आणि झोप यांना दोन-दोन. उरलेल्या पाच बाबींना एक-एक. लाज वाटणं ही त्यांतली एक. त्वचेला थकव्याइतकं आणि झोपेइतकं वजन रुग्णांनीच दिलं, ही गोष्ट सांध्यांच्या डॉक्टरांनी मनावर घ्यावी अशी आहे. त्याआधी २००२ साली ‘ओमेरॅक्ट’ या मोजमापविषयक परिषदेत रुग्णांना पहिल्यांदा चर्चेला बसवलं गेलं तेव्हा संधिवाताच्या रुग्णांनी थकव्याचा विषय लावून धरला होता, आणि तोवर तो त्यांच्या आजारात काय मोजायचं याच्या ठरलेल्या यादीत नव्हता. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये काय मोजायचं याची यादी २०१६ साली रुग्णांना सोबत घेऊन नव्याने ठरली. त्वचेचा आजार, थकवा आणि रुग्णाचं एकंदर मत हे तिन्ही त्यात गाभ्याचे विषय म्हणून आले.

‘एकंदर मत’ या रकान्यावर मी थोडा थांबतो. ‘सगळं धरून तुम्हाला कसं वाटतं’, याचं उत्तर माणूस एका आडव्या रेघेवर खूण करून देतो. ज्याचे सांधे उत्तम आहेत पण टाळू पेटलेली आहे तो मध्यावर खूण करतो. ज्याची त्वचा स्वच्छ आहे पण टाच टेकवत नाही तोही मध्यावरच करतो. दोघांचा आकडा एक आणि दोघांना लागणारी औषधं वेगळी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच प्रश्न सांध्यांसाठी वेगळा आणि त्वचेसाठी वेगळा विचारून पाहिला गेला, आणि एकत्र आकड्यामागे कोण बोलतं आहे ते उलगडता आलं. माझ्या मते यापेक्षा स्वस्त सुधारणा संधिवाताच्या ओपीडीत दुसरी नाही. कागदावर एक रेघ वाढते, एवढंच.

रुग्णाच्या सांगण्यावर पूर्ण विसंबून चालणार नाही, आणि पुस्तक तसं म्हणतही नाही. खाज कोरड्या त्वचेचीही असते, मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही येते, आणि खरजेचीही असते; खरूज घरात शिरली तर गुण एकदम वाढतील आणि सोरायसिसचा त्यात काही संबंध नसेल. खिन्न मन सगळेच आकडे वर ढकलतं. संधिवाताच्या दवाखान्यात तर एक खास घोळ होतो. ‘वेदना’ असा रकाना दिसला की माणूस गुडघ्याचा विचार करून खूण करतो. म्हणून प्रश्नात ‘चट्ट्यांच्या जागी’ हे शब्द ठळक असायला हवेत, आणि कागद देणाऱ्याने ते तोंडीही सांगायला हवेत. नखांचा प्रश्न वेगळाच आहे: खड्डे पडलेलं, सुटलेलं नख खाजत नाही, पण सांध्यांच्या दृष्टीने बोलकं असतं. लक्षणांच्या यादीत ते सापडणार नाही; ते पाहावंच लागेल. अंगभर लाली पसरली, पुवाने भरलेल्या पुळ्या आल्या, ताप आला, तर कुठलीही प्रश्नावली बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला त्याच दिवशी फोन लावायला हवा.

कागद कोण भरतं, यालाही आपल्याकडे फार महत्त्व आहे. वाचता न येणाऱ्या आजींचा कागद नातू भरतो. सुनेचा कागद भरला जातो तेव्हा शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. जांघेतल्या चट्ट्यांबद्दल, नवरा-बायकोतल्या दुराव्याबद्दल अशा वेळी खरं उत्तर मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. नर्सने बाजूला नेऊन, प्रश्न आहे तसा वाचून, उत्तर न सुचवता खूण करून घेतली तर ते टिकतं. ‘खाज कमीच आहे ना आता?’ असं विचारलं की ते गेलं.

महाराष्ट्राला या कामाची पार्श्वभूमी आहे, हे इथल्या तरुण डॉक्टरांना ठाऊक असावं म्हणून सांगतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉपकॉर्ड’ हे सर्वेक्षण सुरू केलं. घरोघर जाऊन, गावातल्या स्वयंसेवकांच्या मदतीने, लोकांना त्यांच्या दुखण्याबद्दल विचारायचं आणि त्या उत्तरांवरून पुढची तपासणी ठरवायची, अशी त्याची रचना होती. माणूस आपलं दुखणं नीट सांगू शकतो, फक्त त्याला समजेल असं आणि त्याच्या दिनक्रमाला धरून विचारलं पाहिजे, हे त्या कामात गृहीत होतं. सांध्यांच्या प्रश्नावलीत पुढे मांडी घालणं, उकिडवं बसणं अशा हालचाली आल्या त्या याच जाणिवेतून. त्वचेच्या लक्षणांसाठी तेवढंच काम व्हायला हवं. डीएलक्यूआयमध्ये घराबरोबर बागेतलं कामही विचारलं जातं. आपल्याकडे ओलं रान, धुण्याचा सोडा, उन्हात हेल्मेटखाली घामेजलेली टाळू, गाभाऱ्यात किंवा लग्नघरात उघडा पडणारा हात असे प्रसंग विचारायला हवेत. लक्षणांची यादी सगळीकडे एकच चालेल, कारण आग आणि खाज सर्वांची सारखी असते. जगण्याचे प्रश्न मात्र इथून उचलावे लागतील.

त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्या बाजूने एक पाऊल आधीच टाकलं आहे. ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची यादी ते चट्टे घेऊन आलेल्या रुग्णाला देतात. तीन उत्तरं ‘हो’ आली की संधिवाततज्ज्ञाकडे चिठ्ठी जाते. सांधे तपासता येत नाहीत म्हणून त्यांनी रुग्णाला विचारायचं ठरवलं. उलट दिशेने तसाच सोपा, ठरलेला कागद आपल्याकडे अजून रुळलेला नाही, आणि तो रुळावा एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे.

वापराबद्दल लेखकांची सूचना मला पटते ती अशी. सात दिवसांचं विचारणारी आठ लक्षणांची यादी, त्वचेसाठी वेगळी आडवी रेघ, आणि टाळू, नखं, तळहात-तळपाय, जांघ व नितंबांची फट यांसाठी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे चौकोन. हे सगळं एका पानावर मावतं. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असताना पान भरून घ्यावं आणि डॉक्टरने तो आत येण्यापूर्वी पाहावं. कुठल्याही एका लक्षणाला तीन किंवा चार गुण असतील, किंवा झाकलेल्या जागेच्या चौकोनात खूण असेल, तर सांधे पाहून झाल्यावर तेवढी जागा आडोशाला नेऊन पाहावी. दर भेटीचं पान केसपेपरलाच टाचून ठेवावं, म्हणजे औषध बदलायची वेळ आली की मागची तीन-चार पानं शेजारी शेजारी ठेवून रुग्णासोबतच वाचता येतील.